रेबीजची मोनोक्लोनल अँटीबॉडी: किलोला ३.३३ आययू की ४०?

औषधभांडार_ग्रामीण
कुत्रा चावल्यावर लसीसोबत जखमेत रेबीजविरोधी तयार अँटीबॉडी (विषाणूला निष्प्रभ करणारी प्रथिनं) टोचतात. घोड्याच्या रक्तातून काढलेल्या अशा सीरमचा (ईआरआयजी) डोस किलोला ४० आययू (इंटरनॅशनल युनिट, ताकदीचं माप). आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं रॅबिशील्ड आलंय, ही मोनोक्लोनल, म्हणजे प्रयोगशाळेत पेशींमध्ये वाढवलेली एकाच प्रकारची अँटीबॉडी. त्यावर ३.३३ लिहिलंय. बारा पट फरक कसा काय? समजा पेशंट ६० किलोचा, बोटाला आणि पोटरीला कॅटेगरी ३ चे (त्वचा फाटलेले, गंभीर) चावे. नेमकं किती मिली काढायचं? बोटात तर एवढं मावणारच नाही, मग उरलेल्याचं काय?

डॉगबाइट_ओपीडी
आधी हिशेब. ६० × ३.३३ म्हणजे २०० आययू. रॅबिशील्डच्या व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) दोन ताकदीच्या येतात: २.५ मिलीत १०० आययू आणि तेवढ्याच २.५ मिलीत २५० आययू. पहिलीतून ५ मिली लागतं, दुसरीतून फक्त २ मिली. व्हायल सारख्याच आकारमानाच्या असल्यामुळे गफलत इथेच होते, म्हणून केसपेपरवर नुसते मिली लिहू नका. आययू आणि व्हायलची ताकद दोन्ही लिहा.

आणखी एक धोका. ट्विनरॅब हीसुद्धा मोनोक्लोनलच, पण तिचा डोस किलोला ४० आययू. ‘मोनोक्लोनल म्हणजे ३.३३’ असं डोक्यात बसलं, तर ट्विनरॅब बारा पट कमी जाईल. दोन्ही औषधं एकाच ट्रेमध्ये ठेवूच नका.

आता टोचण्याबद्दल. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं धुवा, मग पोव्हिडोन आयोडीन. व्हायल फ्रीजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. हलवून फेस आणू नका, त्याने प्रथिनाच्या गुठळ्या होऊ शकतात. बारीक सुईने जखमेच्या कडांत आणि तळाशी, सिरिंजचा दट्ट्या मागे खेचून रक्त येत नाही ना हे बघत, थोडं थोडं सोडा. बोटाच्या टोकाला त्वचा ताणून पांढरी पडू लागली की थांबा. दाब वाढला तर रक्तपुरवठा तुटतो. चावे बरेच असतील आणि औषध पुरत नसेल, तर नॉर्मल सलाइन घालून दुप्पट-तिप्पट करा, पण एकही जखम कोरडी सोडू नका. मोजलेल्या डोसच्या वर मात्र जाऊ नका. जादा अँटीबॉडी लसीच्या कामात अडथळा आणते.

उरलेला भाग पूर्वी लांबच्या स्नायूत देत. डब्ल्यूएचओच्या २०१८ च्या भूमिकेनुसार त्याचा फायदा नगण्य आहे. विषाणू जखमेत असतो, अँटीबॉडी तिथेच हवी.

टाके शक्यतो नकोतच. घालावेच लागले तर अँटीबॉडी टोचल्यावर काही तासांनी, आणि सैल.

प्रथिन_प्रयोगशाळा
बारा पट फरकाचं कारण: आययू म्हणजे अँटीबॉडीचं वजन नव्हे. प्रयोगशाळेतला ठरावीक विषाणू किती निष्प्रभ झाला, त्याचं ते माप आहे. घोड्याच्या किंवा माणसाच्या सीरममध्ये नाना प्रकारच्या अँटीबॉडींची सरमिसळ असते. रॅबिशील्डमध्ये एकच मानवी अँटीबॉडी, पेशींमध्ये वाढवलेली, त्यामुळे प्रत्येक बॅच सारखी आणि घोड्याच्या प्रथिनाची ॲलर्जी नाही. ३.३३ हा आकडा चाचण्यांतून ठरला. लसीसोबत ती दिल्यावर १४ व्या दिवशी रक्तातली विषाणूरोधक ताकद मानवी सीरमपेक्षा (किलोला २० आययू) कमी पडत नाही ना, हे २०० जणांत तपासलं गेलं.

दुबळी बाजूही सांगायला हवी. रॅबिशील्डची अँटीबॉडी विषाणूच्या ग्लायकोप्रोटीनवर (त्याच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनावर) एकाच जागी चिकटते. ती जागा बदललेला विषाणू आला तर निसटू शकतो. म्हणूनच डब्ल्यूएचओचा कल वेगवेगळ्या जागी चिकटणाऱ्या दोन किंवा अधिक अँटीबॉडींच्या मिश्रणाकडे आहे, आणि ट्विनरॅबमध्ये दोन आहेत. तरीही माझ्या मते जखमेत काहीच न जाण्यापेक्षा आज हाताशी असलेली एक अँटीबॉडी कितीतरी मोलाची.

औषधभांडार_ग्रामीण
साठा संपला तर लस थांबवायची का? आणि ज्याने पूर्वी पूर्ण कोर्स घेतलाय त्याचं काय?

डॉगबाइट_ओपीडी
लस अजिबात थांबवू नका, त्याच दिवशी सुरू करा. अँटीबॉडी पहिल्या लसीपासून सात दिवसांपर्यंत देता येते. त्यानंतर शरीराची स्वतःची अँटीबॉडी तयार होऊ लागते, मग द्यायची नाही. लस आणि अँटीबॉडी एका सिरिंजमध्ये किंवा एकाच जागी कधीच नको.

पूर्वी पूर्ण कोर्स झाल्याची नोंद असेल तर अँटीबॉडी नको. जखम धुऊन फक्त ० आणि ३ या दिवशी लस. नोंद सापडत नसेल तर त्याला नवा पेशंट समजून सगळं द्या.