मदत हवी आहे : स्विच बंद, तरी दिव्याला करंट

फोंड्याजवळ आमचं जुनं कौलारू घर, लाकडी पट्टीतलं वायरिंग. हॉलच्या छताचा एलईडी बल्ब स्विच बंद केला तरी रात्रभर मंद उजळतो. आई म्हणते, देवचार (म्हणजे भुताटकी)! बल्ब काढून टेस्टर लावला, तर स्विच बंद असतानाही होल्डरच्या एका पिनवर टेस्टर पेटतो. म्हणजे स्विच फेजऐवजी (करंट आणणारी वायर) न्यूट्रलवर (परतीची वायर) बसवलाय ना? वर दोन लाल, दोन काळ्या वायरी. हिरवी अर्थिंगची नाहीच.

मेन बंद करून, दोन्ही टोकं सोडवून मल्टिमीटरच्या बझरने स्विचकडे जाणारी वायर ओळखायची म्हणतो. रीत बरोबर आहे का? वायरमन चतुर्थीनंतरच येणार. तोवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) आधी बसवून घ्यावा का? पावसाने भिंतही ओली आहे, म्हणून जास्त भीती.