शब्दचर्चा : ‘विशेषाधिकार’ आणि ‘पूर्वग्रह’

‘व्हाइट प्रिव्हिलेज’साठी, म्हणजे गोरेपणामुळे न मागता मिळणाऱ्या फायद्यासाठी, ‘विशेषाधिकार’ हा शब्द योजावा काय, असा प्रश्न येथे आला आहे. मला तो शब्द योग्य वाटत नाही. अमेरिकेत गोऱ्या माणसाला दुकानात, भाड्याचे घर शोधताना किंवा पोलिसांसमोर जी मोकळीक मिळते, ती आज कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. उलट मराठीत ‘अधिकार’ म्हटला की तो कोणीतरी दिलेला असतो आणि विधिमंडळात त्याला बाध आला तर हक्कभंग आणता येतो. ‘सवलत’ही चालणार नाही. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर (कोल्हापूर) संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, त्या प्रकारच्या तरतुदीला आपण ‘सवलत’ म्हणतो. परंतु त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना सारे न मागता मिळत आले, त्यांच्या त्या मिळण्याला आपल्या भाषेत नावच नाही, ही गोष्ट मला फार बोचते. मी ‘आयती मुभा’ असे सुचवतो.

‘पूर्वग्रह’ हा शब्द मात्र नेमका आहे. इंग्रजी ‘प्रेज्युडिस’च्या मुळाशी आधीच दिलेला निवाडा आहे, आपल्याकडचा ‘ग्रह’ म्हणजे घेणे, धरणे, आणि जे घेतले ते कोणाकडून तरी घेतलेले असते. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी सहा वर्षांची पुतणी सावळ्या बाहुलीची वेणी घालताना सहज म्हणाली, “काळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे.” तिला हे कोणी मुद्दाम शिकवले नव्हते, घरात स्थळांची बोलणी चालू असताना आम्हा मोठ्यांच्या तोंडून तिने ते उचलले होते, आणि काळेपणाला दोष ठरवणारा तो एवढासा ‘तरी’ही त्यासोबत उचलला होता. केनेथ आणि मेमी क्लार्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४०च्या सुमारास तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे फक्त रंगाने वेगळ्या बाहुल्या ठेवल्या, तेव्हा बहुतेकांनी गोरी बाहुलीच चांगली ठरवली. शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४च्या निकालात क्लार्क यांच्या संशोधनाचा उल्लेख आहे. त्या मुलांनी स्वतःविरुद्धचाच ग्रह घेतला होता, म्हणून येथे ‘गैरसमज’ हा शब्द मला अपुरा वाटतो.

‘मुभा’ या अर्थाने रुळेल, की ‘मोकळीक’ अधिक सोपी पडेल, हे जाणकारांनी सांगावे.