कमी खर्चात स्थानिक शोधात व्यवसाय वर कसा आणावा?

प्रश्न

घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचा माझा छोटा व्यवसाय आहे. दुकान नाही, ग्राहकाच्या घरी जाऊन काम करतो आणि गूगल बिझनेस प्रोफाइलवर (गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणाऱ्या व्यवसायाच्या मोफत नोंदीवर) राहत्या घराचाच पत्ता दिला आहे. परिसरातील दुरुस्तीसेवा शोधल्यावर नकाशाखाली जी तीन नावे आधी दिसतात, त्यांत माझे नाव येत नाही. एका एजन्सीने दरमहा ठरावीक रक्कम घेऊन पहिल्या क्रमांकाची हमी देऊ केली आहे, परंतु ती रक्कम दिल्यास सुटे भाग भरून ठेवायला पैसे उरणार नाहीत. आठवड्यातील काही तास देण्याची माझी तयारी आहे. ते तास प्रथम कशासाठी वापरावेत आणि पैसे खर्च करण्यावाचून गत्यंतर नाही अशी एखादी गोष्ट आहे का?

पहिले उत्तर

हमी देणाऱ्या एजन्सीला कृपया नकार द्या. स्थानिक निकालांतील वरचे स्थान विनंती करून किंवा पैसे देऊन मिळत नाही, असे गूगलने आपल्या मदतपानावर स्पष्ट लिहिले आहे. पैसे देऊन दिसते ती जाहिरात, आणि तिच्यावर तसा उल्लेख असतो. त्याच पानावर क्रम ठरवणाऱ्या तीन गोष्टी सांगितल्या आहेत: शोधलेल्या गोष्टीशी आपला व्यवसाय किती जुळतो, शोधणाऱ्यापासून तो किती अंतरावर आहे आणि तो किती नावाजलेला आहे. यांपैकी अंतर आपल्या हातात नाही. उरलेल्या दोन गोष्टींसाठी मात्र पैशांपेक्षा चिकाटीच अधिक लागते.

सुरुवात मुख्य कॅटेगरीपासून, म्हणजे प्रोफाइलवर निवडलेल्या व्यवसायाच्या मुख्य प्रकारापासून करा. तिच्याखेरीज आणखी ९ कॅटेगऱ्या जोडता येतात, परंतु माझ्या अनुभवात सर्वाधिक वजन मुख्य कॅटेगरीलाच असते, आणि नेमके तिथेच अनेक जण सर्वसाधारण स्वरूपाची कॅटेगरी निवडून मोकळे होतात. ज्या कामातून आपले घर चालते, त्या कामाची सर्वांत नेमकी कॅटेगरी शोधा. वर दिसणाऱ्या तीन व्यवसायांच्या नावाखाली कोणती कॅटेगरी लिहिली आहे, हे पाहिले तरी दिशा मिळते. व्यवसायाच्या नावात ‘उत्तम’, ‘स्वस्त’ किंवा परिसराचे नाव घुसडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. प्रत्यक्ष व्यवहारात वापरात असलेलेच नाव द्यावे असा नियम आहे, आणि तो मोडल्यास प्रोफाइल निलंबित होऊ शकते.

आपल्याकडे ग्राहक येत नाहीत, त्यामुळे नियमानुसार घराचा पत्ता लपवून सेवाक्षेत्रे नोंदवणे योग्य ठरेल. अशी २० क्षेत्रे देता येतात. मात्र दूरचे क्षेत्र यादीत लिहिले म्हणून तेथील शोधात आपण वर येऊ, अशी अपेक्षा ठेवू नये. कामाच्या वेळाही खऱ्याच लिहा. शोधाच्या वेळी व्यवसाय उघडा आहे की बंद, याचा स्थानिक क्रमावर परिणाम होतो, हे गूगलच्या प्रतिनिधीने २०२३ च्या अखेरीस मान्य केले, तेव्हापासून काही जणांनी चोवीस तास उघडे असल्याचे दाखवायला सुरुवात केली. रात्री फोन करणाऱ्याला उत्तर मिळाले नाही, तर त्याचा परिणाम अभिप्रायांत दिसल्यावाचून राहत नाही.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी सहमत आहे. अभिप्रायांविषयी थोडी भर घालतो. दुरुस्ती झाली, उपकरण सुरू झाले आणि ग्राहकाचा जीव भांड्यात पडला, की त्याच वेळी प्रोफाइलमधून मिळणारी अभिप्रायाची लिंक त्याला पाठवावी. पुढे आठवण करून दिल्यास सहसा राहूनच जाते. अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देणे, तसेच केवळ समाधानी ग्राहकांनाच निवडून विचारणे, या दोन्ही गोष्टी नियमबाह्य आहेत. तक्रारीच्या अभिप्रायालाही शांतपणे आणि मुद्देसूद उत्तर द्या, कारण ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा उद्याचा ग्राहक अधिक लक्षपूर्वक वाचणार आहे.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. प्रोफाइलमधूनच मोफत वेबसाइट करण्याची सोय होती, ती २०२४ मध्ये बंद झाल्यापासून माझ्याकडे वेबसाइट नाही. ती नव्याने करावी का? शिवाय मी रोज स्वतःच्या फोनवर शोधातील माझा क्रमांक पाहतो, तो कधी वर तर कधी खाली असतो; याचा अर्थ काय लावावा?

तिसरे उत्तर

पैसे खर्च करायचेच असतील, तर ते स्वतःच्या डोमेनवर (वेबसाइटच्या पत्त्यावर) आणि साध्या होस्टिंगवर (वेबसाइट ठेवण्याच्या जागेवर) करा. प्रत्येक उपकरणासाठी एक स्वतंत्र पान असू द्या आणि त्यावर नेहमी आढळणारे बिघाड, दुरुस्तीची पद्धत आणि कोणत्या स्थितीत दुरुस्ती परवडत नाही, हे स्वतःच्या शब्दांत लिहा. शेवटची बाब बहुतेक जण लिहीत नाहीत, परंतु ग्राहकाचा विश्वास तिथेच बसतो असे मला ठामपणे वाटते. केवळ परिसराचे नाव बदलून तोच मजकूर असलेली डझनभर पाने मात्र करू नयेत. गूगलच्या धोरणानुसार तो स्पॅम ठरतो. नाव आणि फोन क्रमांक प्रोफाइलवर, वेबसाइटवर आणि बिंग प्लेसेस (मायक्रोसॉफ्टच्या बिंग शोधातील व्यवसायांची नोंद) यांसारख्या इतर मोफत नोंदींवर एकसारखेच असावेत. आपण ज्यांच्याकडून सुटे भाग घेता, त्या पुरवठादाराच्या वेबसाइटवर दुरुस्ती करणाऱ्यांची यादी असेल, तर तीत आपला दुवा देण्याची विनंती करा.

स्वतःच्या फोनवरील क्रमांकावरून निष्कर्ष काढू नका. आपण जिथे उभे राहून शोधतो, त्यानुसार निकाल बदलतो, त्यामुळे घरी दिसणारा क्रमांक काही अंतरावरील ग्राहकाला दिसेलच असे नाही. त्याऐवजी प्रोफाइलमधील परफॉर्मन्स अहवालात किती जणांनी फोनचे बटण दाबले आणि कोणते शब्द शोधून लोक आपल्यापर्यंत आले, हे महिन्यातून एकदा पाहा. फोन करणाऱ्या प्रत्येकाला आपला फोन क्रमांक कुठे मिळाला, हेही विचारून वहीत नोंदवत चला, कारण ओळखीतून आलेला ग्राहक आणि शोधातून आलेला ग्राहक यांतील फरक त्या अहवालातून कळत नाही.