मदत हवी आहे: मुंबई-लंडन विमानात खिडकी कुठल्या बाजूची घ्यावी?

कासारवाडी
मुंबई-लंडन. सीट आजच निवडायची आहे, खिडक्या भराभर चालल्यात. उजवी की डावी? डोंगर दिसले पाहिजेत. शोधून पाहिलं तर जो तो वेगळंच सांगतोय. प्लीज लवकर सांगा.

रानवारा
दिवसाचं विमान की रात्रीचं? थेट की मध्ये बदलायचंय? महिना कुठला? डिसेंबरात लंडनला चारच्या आत सूर्य मावळतो, उतरताना मिट्ट काळोख. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो.

अष्टपैलू
लांबच्या प्रवासात खिडकी घेऊच नये. अधूनमधून उठून चाललं नाही तर पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. कडेची सीट घ्या आणि भरपूर पाणी प्या.

कासारवाडी
थेट आहे, दुपारी सुटतं, जून. खिडकी हवीच आहे, तो प्रश्न नाहीये.

नभांगण
मग उजवी, म्हणजे के अक्षराची सीट. विमान वायव्येला जातं, त्यामुळे ऊन दुपारभर डाव्या बाजूला. डावीकडे बसलात तर खिडकी बंद करून बसावं लागेल. शिवाय हीथ्रोवर विमानं बहुतेक वेळा पूर्वेकडून उतरतात आणि शहर उजव्या हाताला येतं. थेम्सची वळणं, टॉवर ब्रिज, लंडन आय, सगळं ओळखू येतं.

सह्यभटक्या
असहमत. ते डोंगर विचारतायत, पूल नाही. विमान हंगेरी-ऑस्ट्रियावरून गेलं तर आल्प्स डावीकडे. ऊन सोसेन पण आल्प्स सोडणार नाही.

नभांगण
'गेलं तर' हेच महत्त्वाचं. इराणवरून जाणाऱ्या विमानातून दमावंद (५,६०० मीटरच्या वर) आणि पुढे तुर्कस्तानातला अरारत पर्वत उजवीकडेच दिसतात. आल्प्स पुष्कळदा लांब, धुरकट असतात.

रानवारा
भांडण्याआधी कंपनी विचारा. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून आपली आणि परदेशी विमानं एकाच वाटेने जातीलच असं नाही. आखातात तणाव वाढला की वाट पुन्हा बदलते. फ्लाइटरडारवर (विमानांचा माग दाखवणारी साइट) तुमच्या विमानाचा नंबर टाका, मागच्या काही दिवसांत कुठून गेलं ते दिसेल. दुसऱ्याच्या जुन्या अनुभवापेक्षा ते खरं.

पुरणपोळी
याच मार्गावर जैन जेवण मिळतं का? सासूबाई येणार आहेत.

डोंगरवेडी
डोंगरच बघायचे तर दिल्ली-काठमांडू करा! डावी खिडकी, हिमालयाची अख्खी रांग. लंडनला कशाला जायचं?

कासारवाडी
लंडनलाच जायचंय, बहीण तिथे असते. खिडकी बाबांसाठी आहे. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, देशाबाहेर पहिल्यांदाच निघालेत. गुडघा दुखतो. विमान भारतीय कंपनीचं, ड्रीमलायनर (बोइंग ७८७).

अष्टपैलू
हे आधी सांगायचं ना! बाबांना के, शेजारची जे तुम्ही घ्या. म्हणजे तुम्ही त्यांना उठवून फिरवू शकाल.

नभांगण
पंखाच्या पुढची रांग बघा. मागे बसलात की इंजिनाच्या गरम हवेत जमीन थरथरताना दिसते. आणि ड्रीमलायनरला खाली ओढायची झडप नसते, बटणाने काच गडद होते. जेवणानंतर कर्मचारी सगळ्याच काचा गडद करतात. पूर्ण गडद झाल्यावर सूर्यसुद्धा निळसर ठिपका दिसतो. आपली काच थोडी उजळ ठेवू द्याल का, असं नम्रपणे विचारा.

सह्यभटक्या
भूगोलाचे सर असतील तर मोबाईलवर नकाशा आधीच उतरवून ठेवा. फ्लाइट मोडमध्येही जीपीएस चालतं, फोन खिडकीशी धरायचा. खाली दिसणारी नदी कुठली, ते त्यांनाच सांगू दे. आल्प्स मात्र डावीकडेच.

रानवारा
जूनमध्ये सुरुवातीला अरबी समुद्रावर ढगच असतील, बाबांना आधी सांगून ठेवा. आखाताजवळ आभाळ मोकळं होतं.

कासारवाडी
फ्लाइटरडार पाहिलं. के आणि जे घेतल्या, पंखाच्या पुढे. परतीचं रात्रीचं आहे, त्याला कुठली?

नभांगण
डावी. जूनमध्ये युरोपवर उत्तरेच्या क्षितिजाला रात्रीही फिकट उजेड राहतो, आणि सकाळ त्याच बाजूला उजाडते.

पुरणपोळी
जैन जेवणाचं कुणी सांगेल का?

अष्टपैलू
तिकिटावर आधी नोंदवावं लागतं, निदान दोन दिवस आधी फोन करा. आणि सासूबाईंना कडेची सीट घ्या.