साहेब झाल्यापासून झोप उडालीय. डॉक्टरकडे गेलो तर कंपनीत कळेल का?

रबाळे_पहिली_पाळी:
नमस्कार मंडळी. वय ४४, राहायला वर्तकनगर, रबाळे एमआयडीसीत प्लांट हेड. याच कंपनीत फिटर म्हणून लागलो होतो, दोन वर्षांपूर्वी केबिन मिळाली. मार्चमध्ये ११ कंत्राटी पोरं कमी करायची यादी माझ्याकडून करून घेतली. त्यातल्या एकाच्या मुलीच्या बारशाला मी जेवून आलो होतो.

तेव्हापासून पहाटे साडेतीनला टक्क जाग. सकाळी ठाण्याला नऊ नंबरवर वाशी गाडी लागते आणि मी बाकावरून उठत नाही. दोन-तीन गाड्या अशाच जातात. छातीत धडधडायचं म्हणून ईसीजी, टूडी इको केला, सगळं नॉर्मल. पूर्वी डबा पोरांबरोबर खायचो. आता मी गेलो की टेबलावरचं बोलणं थांबतं, भाजी कोणी पुढे करत नाही. एका मित्राने अल्प्राझोलमची, म्हणजे घबराटीवरच्या गोळीची, स्ट्रिप दिलीय, अधूनमधून अर्धी घेतो.

मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो तर मेडिक्लेमवरून एचआरला कळतं का? 'ठाण्याला भरती करा' हा विनोद आम्ही ठाणेकर लहानपणापासून ऐकतोय, म्हणून विचारतो. आणि कृपा करून मेडिटेशन सांगू नका. डोळे मिटले की यादीच दिसते.

ऐरोलीचा_एचआर:
स्वतःच्या खिशातून फी भरली, क्लेम टाकला नाही, तर आमच्याकडे कागद येतच नाही. तसंही बऱ्याच ग्रुप पॉलिसींत ओपीडी, म्हणजे भरती न होता दाखवल्याचा खर्च, नसतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे. शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा द्यावा, हेही त्यातच आहे. बिनधास्त जा.

नौपाडेकर:
पगार साहेबाचा आणि रडगाणं कामगाराचं. त्या ११ जणांनी कुठे लिहायचं?

रबाळे_पहिली_पाळी:
नौपाडेकर, साडेतीनला मीही हेच विचारतो.

कळव्याची_बाई:
नौपाडेकर, प्रश्न रास्त आहे, पण जागा चुकली.
दादा, मी मुख्याध्यापिका. तोंडाला स्कार्फ बांधून गेले, तर वेटिंगमध्ये समोर माझ्याच शाळेतले पालक! दोघांनीही मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. आता पालकसभेत तेच गृहस्थ सगळ्यात सौजन्याने बोलतात. माझ्या डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासायला लावलं, मग गोळ्या. पहिला आठवडा मळमळ, गुण यायला तीनेक आठवडे लागले. मित्राची गोळी मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका, तिची सवय लागते. रोज घेत असाल तर एकदम तोडूही नका.
एक स्पष्ट विचारते. त्या बाकावर बसता तेव्हा गाडीसमोर जायचं मनात येतं का? येत असेल तर शनिवार-रविवारची वाट बघू नका. घरच्यांना सांगा आणि १४४१६ लावा. सरकारचं टेली मानस आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

रबाळे_पहिली_पाळी:
नाही ताई, तसं नाही. नुसतं चढावंसं वाटत नाही. पण तुम्ही विचारलंत ते मी बायकोला वाचून दाखवलं. तोपर्यंत तिला फक्त 'कामाचं टेन्शन' एवढंच माहीत होतं. ती पोळ्या लाटायची थांबली, तवा तापतच राहिला. मग तिनेच फोन लावून पाचपाखाडीत शनिवारी पाचची वेळ घेतली. ती स्ट्रिप बरोबर न्यायची का?

कळव्याची_बाई:
न्या. आणि किती उरल्यात ते मोजून न्या, विचारतात.