शाकाहारी आणि कमी कर्बोदकांच्या जेवणात वैविध्य कसे आणावे?

प्रश्न : वैदर्भीय वाचक, नागपूर

सर्वांना नमस्कार. मागच्या हिवाळ्यातील तपासणीत माझी रक्तशर्करा मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे दिसले. तेव्हापासून आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने मी दिवसभरातील कर्बोदके साधारण 100 ग्रॅमच्या आत ठेवतो. वजन उतरले आहे, दुपारच्या जेवणानंतर येणारी सुस्ती गेली आहे, त्यामुळे हा आहार सोडण्याचा विचार नाही. अडचण तोचतोपणाची आहे. आमच्या घरचे जेवण मुख्यतः शाकाहारी असते. अंडी चालतात, पण श्रावणात आणि उपवासाच्या दिवशी तीही नसतात. पोळी आणि भात बाजूला काढल्यावर माझ्या ताटात पनीर, फुलकोबी आणि काकडी एवढेच उरते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच येते. फुलकोबी किसून केलेला भात सुरुवातीला आवडला, आता तो घशाखाली उतरत नाही. शिवाय आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत चांगली फुलकोबी मिळणेही कठीण होते.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पनीर सोडून प्रथिनांसाठी काय खावे? कार्यालयात नेण्याच्या डब्यात काय असावे? आणि उपवासाच्या दिवशी काय करावे? घरातील इतरांसाठी वेगळा आणि माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक करावा लागू नये, अशीही इच्छा आहे, कारण त्याचा भार शेवटी आई आणि पत्नीवरच पडतो.

उत्तर : सुनंदाताई, महाल

दादा, माझ्या घरीही यजमानांसाठी असाच स्वयंपाक चालतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. पोळीच्या जागी काय आणि भाताच्या जागी काय, असा विचार करत राहिले की माणूस फुलकोबीपाशीच येऊन थांबतो. त्याऐवजी आज बाजारात कोणती भाजी आली आहे, इथून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. विदर्भात ऋतूप्रमाणे भाज्या इतक्या बदलतात की वर्षभर कंटाळा येण्याचे कारण नाही. फक्त त्या भाज्यांना ताटातील कोपरा न देता मधली जागा द्यावी लागते.

उन्हाळ्यात बुधवार बाजारात किंवा गोकुळपेठेत चिवळीच्या जुड्या दिसू लागतात. निवडायला वेळ लागतो आणि मातीमुळे ती चार-पाच पाण्यांतून धुवावी लागते, पण लसणाची फोडणी देऊन मूठभर भिजवलेली मूगडाळ घातली की तिची आंबटसर चव दुसऱ्या कुठल्याच भाजीला येत नाही. त्याच दिवसांत घोळ, ढेमसे, दोडके आणि लौकी असते. ढेमसे कोरून आत दाण्याचे कूट, तीळ, खोबरे आणि सांभार (कोथिंबीर) भरावा. असे दोन-तीन भरले ढेमसे आणि वाटीभर घट्ट दही एवढ्यात जेवण होते. पावसाळ्याच्या सुरुवातीला तरोट्याचा कोवळा पाला येतो, तो उकडून, पिळून, कांदा-लसणावर परतावा. त्यानंतर काटवल येते, अंबाडी येते, आणि धोप्याची (अळूची) पाने मिळू लागतात. हिवाळ्यात तर मेथी, पालक, चवळी आणि हरभऱ्याचा कोवळा पाला यांनी बाजार भरलेला असतो. हरभऱ्याचा पाला आमच्याकडे वाळवूनही ठेवतात आणि उन्हाळ्यात भाजी महागली की काढतात. ही जुनी सवय आपल्या आहाराला फार उपयोगाची आहे.

एकच भाजी दरवेळी त्याच पद्धतीने केली तरी कंटाळा येतो. वांग्याचे भरीत एकदा दह्यात करावे, एकदा कच्चा कांदा आणि हिरवी मिरची ठेचून करावे, तर एकदा भाजलेल्या तिळाचे कूट घालून करावे. पातळ भाजीला आपण बेसनाचे आलण लावतो, त्याऐवजी दाण्याचे किंवा जवसाचे कूट लावले तर रस दाट होतो आणि पीठ पोटात जात नाही. सावजी पद्धतीचा खसखस आणि खोबऱ्याचा तिखट रस्सा करून त्यात उकडलेली अंडी, अळिंबी किंवा भाजलेली वांगी सोडता येतात. घरातील इतरांनी तोच रस्सा पोळीशी खावा आणि तुम्ही वाटीत घेऊन नुसता खावा. वेगळ्या स्वयंपाकाचा प्रश्न तिथेच मिटतो.

जवसाबद्दल मात्र आवर्जून सांगते. चटणी म्हणून आपण चमचाभर खातो, पण त्याची भाकरही होते. जवस हलके भाजून बारीक दळावे, मीठ आणि ओवा घालून कढत पाण्यात उकड काढल्यासारखे मळावे. जवसाला स्वतःचाच चिकटपणा असल्याने दुसरे पीठ लागत नाही. दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये लाटून तव्यावर मंद आचेवर भाजावे. सवय नसताना एकदम पुष्कळ खाऊ नये आणि सोबत पाणी भरपूर प्यावे, नाहीतर पोट जड होते. दळलेले जवस आपल्या उन्हात लवकर खवट होते, म्हणून थोडे थोडेच दळून फ्रिजमध्ये ठेवावे.

उत्तर : अरविंद, वर्धा

भाज्यांबद्दल ताईंनी छान लिहिले आहे. पण गव्हाची पोळी सोडून ज्वारीची किंवा बाजरीची भाकर खाल्ली तर एवढा खटाटोप कशाला हवा? भरड धान्ये मधुमेहाला चांगली असतात असे सगळीकडे वाचायला मिळते, आणि भाकर तर आपल्या मातीतलीच आहे.

उत्तर : आहारतज्ज्ञ, धरमपेठ

अरविंददादा, ज्वारी चांगलीच आहे. तिच्यातील तंतूंमुळे मैद्याच्या किंवा पांढऱ्या भाताच्या तुलनेत रक्तशर्करा सावकाश वाढते. परंतु कर्बोदकांचे प्रमाण पाहिले तर गहू, ज्वारी, बाजरी आणि नाचणी या सर्वांच्या 100 ग्रॅम पिठात ती साधारण 60 ते 70 ग्रॅम असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांची जी कोष्टके प्रसिद्ध केली, त्यांतही असेच आकडे आहेत. तेव्हा 50 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत 30 ग्रॅमहून अधिक कर्बोदके येतात. प्रश्नकर्त्यांची दिवसाची मर्यादा 100 ग्रॅम आहे, म्हणून त्यांना अर्धी भाकर अधूनमधून बसवता येईल, पण दोन्ही वेळा भाकर खाऊन ही मर्यादा पाळता येणार नाही.

हाच हिशेब बेसनाला आणि डाळींना लावावा. विदर्भातील शाकाहारी माणूस प्रथिने म्हटल्यावर झुणका, पाटवडी आणि कढीगोळे यांच्याकडे वळतो, आणि ते योग्यही आहे, कारण बेसनात 100 ग्रॅममागे 20 ग्रॅमहून थोडी अधिक प्रथिने असतात. परंतु त्यात कर्बोदकेही 50 ग्रॅमच्या वरच असतात. म्हणून पाटवडीचा रस्सा असेल त्या जेवणात पोळी आणि भात दोन्ही नसावेत, म्हणजे हिशेब जमतो. 30 ग्रॅम कोरड्या डाळीच्या वरणातून साधारण 7 ग्रॅम प्रथिने आणि 17-18 ग्रॅम कर्बोदके मिळतात. दिवसातून एक वाटी घट्ट वरण घेण्यास हरकत नाही.

प्रौढांसाठी प्रथिनांची शिफारस वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम अशी आहे, म्हणजे 65 किलो वजनाच्या व्यक्तीला सुमारे 54 ग्रॅम. एकट्या पनीरवर हा भार टाकू नये. एका अंड्यातून 6 ग्रॅम, 30 ग्रॅम शेंगदाण्यांतून 7 ते 8 ग्रॅम आणि तितक्याच भोपळ्याच्या बियांतून जवळपास 9 ग्रॅम प्रथिने मिळतात. दह्याचे पाणी निथळून केलेला चक्का साखर न घालता मिरपूड, जिरे आणि काकडी मिसळून खावा. साध्या दह्यापेक्षा त्यात प्रथिने बरीच अधिक असतात.

आता एक महत्त्वाची सूचना, जी हा प्रश्न वाचणाऱ्या इतरांसाठीही आहे. आपण औषध घेता की नाही, हे लिहिलेले नाही. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या अथवा इन्सुलिन चालू असताना कर्बोदके एकदम कमी केली, तर रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील औषधांबरोबर कर्बोदके फार कमी केल्यास रक्तातील आम्लता वाढण्याचा धोका असतो, आणि तेव्हा साखर फारशी वाढलेली दिसेलच असे नाही. म्हणून औषधाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घेतल्याशिवाय आहार बदलू नये. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाणही त्यांनाच विचारावे. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्या शाकाहारी व्यक्तीने ब12 जीवनसत्त्वाची तपासणी अवश्य करून घ्यावी, कारण शाकाहारात ते मुळातच कमी मिळते आणि या औषधाने आणखी घटते.

उत्तर : शेतकरी मित्र, काटोल

आमच्या भागात खरिपात शेतेच्या शेते सोयाबीनची असतात, तरी स्वयंपाकघरात सोयाबीन क्वचितच दिसते, याचे मला नेहमी वाईट वाटते. कोरड्या सोयाबीनमध्ये 100 ग्रॅमला सुमारे 36 ग्रॅम प्रथिने असतात. आपल्या रोजच्या कोणत्याही डाळीपेक्षा ती कितीतरी अधिक आहेत, आणि कर्बोदके डाळींच्या निम्मीच. फक्त सोयाबीन कच्चे किंवा अर्धवट शिजलेले खाऊ नये, कारण प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारा त्यातील घटक नीट शिजवल्यावरच निष्प्रभ होतो. रात्रभर भिजवावे, ते पाणी फेकून द्यावे आणि कुकरमध्ये दाणा बोटाने सहज दाबला जाईल इतका मऊ शिजवावा. मग नेहमीच्या उसळीसारखी फोडणी द्यावी.

घरी सोयापनीर करणेही अवघड नाही. भिजवलेले सोयाबीन साले काढून पाण्यासह वाटावे, कापडातून गाळावे, मिळालेले दूध सतत ढवळत किमान दहा मिनिटे उकळावे, खाली उतरवून लिंबाच्या रसाने फाडावे आणि वजनाखाली दाबून ठेवावे. त्याला स्वतःची चव फार नसते, म्हणून मसाला, मीठ आणि थोडे दही लावून तासभर मुरू द्यावे, मग तव्यावर कडेने लालसर होईपर्यंत भाजावे. गाळून उरलेला चोथा फेकू नये. त्यात तंतू आणि प्रथिने असतात, आणि थोडे बेसन, भरपूर सांभार, तीळ, आले-मिरची घालून तो वाफवला की त्याच्या उत्तम वड्या होतात. मात्र हा चोथा नीट शिजला पाहिजे आणि त्याच दिवशी वापरला पाहिजे, तो लवकर आंबतो. धोप्याच्या पानांनाही बेसनाऐवजी हाच चोथा लावून पाहावा. पान घशाला खवखवू नये म्हणून चिंचेचा कोळ तेवढा विसरू नये.

प्रश्नकर्ता : वैदर्भीय वाचक

सर्वांचे मनापासून आभार. मी सध्या कोणतेही औषध घेत नाही, तरीही ब12 ची तपासणी करून घेईन. सोयाबीनचा चोथा आणि जवसाची भाकर या दोन्ही गोष्टी माझ्यासाठी नवीन आहेत आणि घरी दोन्ही करून पाहण्याचे ठरले आहे. डबा आणि उपवास यांबद्दलही कुणी लिहिल्यास उपकार होतील. कार्यालयाजवळ सकाळी तर्री-पोह्यांच्या गाड्यांभोवती सगळे सहकारी उभे असतात, तेव्हा फार जड जाते.

उत्तर : सुनंदाताई, महाल

दादा, तर्री सोडू नका, पोहे सोडा. तर्रीत हरभरा असतो. अर्धी वाटी हरभरा, वर कांदा, सांभार आणि लिंबू एवढे मागून घ्यावे. गाडीवाले देतात, आणि सगळ्यांबरोबर उभे राहून खाल्ल्याचे समाधानही मिळते.

डब्यासाठी कोरडे आणि थंड झाल्यावरही चांगले लागणारे पदार्थ निवडावेत. पालक किंवा मेथी भरपूर घालून केलेली मुगाची दोन लहान धिरडी, त्यांत पनीरची किंवा अंड्याची भुर्जी गुंडाळून न्यावी. ज्या दिवशी धिरडेही नको असेल, त्या दिवशी पत्ताकोबीची मोठी पाने वाफवून त्यांत तीच भुर्जी भरावी. सोबत लसूण-जवसाची चटणी, काकडी आणि मूठभर भाजलेले दाणे असावेत. चार महिने उन्हाचे असतात, त्या काळात दही डब्यात देऊ नये, दुपारपर्यंत आंबून जाते; ताक हवे असेल तर थर्मासमध्ये थंड करून, मीठ आणि जिरे घालून न्यावे.

उपवासाच्या दिवशी खरी अडचण साबुदाण्याची आहे, कारण तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे आणि त्यात प्रथिने नावालाही नाहीत. भगर त्या मानाने बरी, पण तीही धान्यासारखीच मोजावी लागते. आमच्याकडे शेंगदाण्याची आमटी दाट करतात आणि यजमान ती भगरीशिवाय वाटीत घेऊन पितात. त्याबरोबर दाण्याचे कूट आणि दही घातलेली काकडीची कोशिंबीर, तुपात जिऱ्यावर परतलेली राजगिऱ्याची पालेभाजी किंवा थोडे कोहळे असते. उपवासाला कोणती भाजी चालते हे प्रत्येक घरचे वेगळे असते, ते आईंना विचारूनच ठरवावे. संध्याकाळी ओल्या नारळाचे काप आणि घट्ट दही घेतले की रात्रीपर्यंत भूक लागत नाही. संत्र्याचा हंगाम असेल तर रस काढू नये, अख्खे एक संत्रे सोलून खावे.

सोयापनीर उरले तर पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवावे, रोज पाणी बदलावे आणि दोन-तीन दिवसांत संपवावे.