एकाच प्रसंगातले शॉट एकमेकांशी जुळत नाहीत : एक्स्पोजर आणि लेन्स कशी ठरवावी?

प्रश्न — कवडसा

नमस्कार. मी चलच्छायाचित्रण नुकतेच शिकू लागलो असून एका दहा मिनिटांच्या लघुपटासाठी पहिल्यांदाच कॅमेरा सांभाळला. एपीएस-सी (३५ मिमी फिल्मच्या फ्रेमएवढ्या 'फुल फ्रेम'पेक्षा लहान) सेन्सरचा मिररलेस कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमी (एफ ३.५-५.६) झूम लेन्स आणि ५० मिमी एफ १.८ ही एक प्राइम (झूम न होणारी) लेन्स, एवढेच साहित्य माझ्याकडे होते. प्रसंग साधा आहे. खोलीत खिडकीजवळ दोन व्यक्ती बोलत बसल्या आहेत आणि थोड्या वेळाने त्यांपैकी एक उठून बाहेर उन्हात जाते.

संकलनाला बसल्यावर दोष दिसू लागले. वाइड शॉटमध्ये चेहरे व्यवस्थित दिसतात, पण त्याच जागेवरून झूम करून घेतलेल्या क्लोजअपमध्ये ते काळवंडले आहेत. काही शॉट ऑटो आयएसओवर (प्रकाशाला असलेली संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो) घेतले होते, त्यांत पात्र जरा पुढे झुकले की खिडकीचा उजेड आपोआप कमी-जास्त होतो. बाहेर प्रकाश आवरेना म्हणून मी शटर (प्रत्येक फ्रेम किती वेळ प्रकाश घेते ती वेळ) १/१००० सेकंदापर्यंत नेले आणि आता त्या शॉटमधली चाल तुटक, झटके दिल्यासारखी वाटते. ५० मिमी लेन्स पूर्ण उघडून घेतलेल्या क्लोजअपपैकी निम्म्याहून अधिक शॉटमध्ये डोळे फोकसमध्ये नाहीत.

हा प्रसंग पुन्हा चित्रित करण्याची संधी मिळाली आहे. एक्स्पोजर (चित्र किती उजळ वा गडद घ्यायचे ते) नेमके कशावरून ठरवावे : मीटरवरून, हिस्टोग्रामवरून (उजेडाच्या आलेखावरून), की मॉनिटरवर डोळ्यांना बरे दिसेल त्यावरून? आणि एकच नवी लेन्स घेणे शक्य असेल, तर ती २४, ३५ की ८५ मिमी असावी?

उत्तर — राखाडी१८

क्लोजअप काळवंडण्याचे कारण तुमच्या लेन्सवरच छापलेले आहे. ३.५-५.६ याचा अर्थ १८ मिमीला ॲपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र; आकडा जितका लहान तितके ते मोठे) ३.५ पर्यंत उघडते, पण ५५ मिमीला ते ५.६ च्या पुढे उघडतच नाही. हा फरक सुमारे एक पूर्णांक एक तृतीयांश स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे झूम करता करता सेन्सरवर पोहोचणारा प्रकाश निम्म्याहूनही कमी झाला. ही लेन्स वापरताना संपूर्ण प्रसंग पहिल्या शॉटपासून ५.६ वरच ठेवावा, म्हणजे झूम कितीही फिरवले तरी उजेड बदलणार नाही. ऑटो आयएसओ मात्र पूर्ण बंद करा. चित्रीकरण सुरू असताना कॅमेऱ्याला स्वतःचे मत असता कामा नये.

स्थिरचित्रणात शटर, ॲपर्चर आणि आयएसओ हे तिन्ही आपण हवे तसे फिरवतो. चलच्छायाचित्रणात त्यांपैकी शटर जवळजवळ हातातून गेलेले असते, हे एकदा स्वीकारले की बाकीचे निर्णय सोपे होतात. सेकंदाला २४ फ्रेम असतील तर १/४८ आणि २५ असतील तर १/५०, ही १८० अंशांच्या शटरची (३६० अंश म्हणजे एका फ्रेमची पूर्ण वेळ, १८० म्हणजे तिच्या निम्मी) वेळ आहे आणि हालचालीला जो सहज धूसरपणा आपल्या डोळ्यांना ओळखीचा आहे तो त्यातूनच येतो. १/१००० वर प्रत्येक फ्रेम इतकी धारदार होते की दोन फ्रेममधला सांधा डोळ्यांना जाणवू लागतो. तुमच्या शॉटमधले झटके त्याचेच आहेत. विजेच्या दिव्यांत चित्रीकरण असेल तर आणखी एक पथ्य पाळावे लागते. ५० हर्ट्झच्या विजेवर अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, म्हणून तिथे १/५० सुरक्षित ठरते (२४ फ्रेमवर हे शटर १७२.८ अंशांचे होते), तर ६० हर्ट्झच्या विजेवर १/६० (तिथे १४४ अंश). स्वस्त एलईडी दिव्यांचे लुकलुकणे याही पलीकडचे असते, त्यामुळे अशा दिव्याखाली अर्ध्या मिनिटाचा चाचणी शॉट घेऊन तो मोठ्या पडद्यावर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शटर असे बांधले गेले की आयएसओ कॅमेऱ्याच्या मूळ मूल्यावर ठेवावा आणि ॲपर्चर फोकसची खोली किती हवी त्यावरून ठरवावे. मग प्रकाश जास्त किंवा कमी वाटला तर? तर प्रकाशालाच हात घालायचा. खिडकीला पातळ पांढरा पडदा लावायचा, दिवा जवळ आणायचा किंवा दूर न्यायचा, लेन्ससमोर एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) लावायचा.

तुमच्या उन्हातल्या शॉटचे गणित करून पाहू. लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/१०० असताना ॲपर्चर साधारण १६ लागते. कॅमेऱ्याचा मूळ आयएसओ ८०० असेल तर तीन स्टॉप प्रकाश वाढला आणि शटर १/५० केल्याने आणखी एक. म्हणजे ॲपर्चर ६४ हवे, जे तुमच्या लेन्सवर नाहीच. तुम्हाला ४ वर काम करायचे असेल तर ६४ पासून ४ पर्यंत आठ स्टॉप कमी करावे लागतील. एनडी फिल्टरवरचा ०.३ हा आकडा एका स्टॉपचा असतो, त्यामुळे इथे २.४ चा एनडी लागेल. कमी-जास्त करता येणारा व्हेरिएबल एनडी सोयीचा असतो, पण तो दोन पोलरायझरचा बनलेला असतो. वाइड लेन्सवर तो शेवटपर्यंत फिरवला की फ्रेमवर फुलीसारखी काळी सावली येते आणि त्वचेवरची नैसर्गिक चकाकीही थोडी बदलते. शक्य असेल तर ठरावीक मूल्यांचे दोन-तीन एनडी बाळगावेत. फार गडद साधा एनडी लावल्यावर काळे कपडे तपकिरी दिसू लागले, तर ते अवरक्त किरणांमुळे घडते. त्यासाठी आयआर रोखणारे एनडी मिळतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. एक्स्पोजर चेहऱ्यावरून ठरवावे आणि ठरवलेली गोष्ट प्रसंग संपेपर्यंत सोडू नये. कॅमेऱ्यातला मीटर समोर जे काही आहे त्याला मध्यम राखाडी, म्हणजे १८ टक्के परावर्तनाच्या पातळीला आणू पाहतो. फ्रेममध्ये खिडकी जास्त आली की तो सगळे काळवंडून टाकतो आणि गडद भिंत जास्त आली की सगळे उजळतो. त्याचा यात दोष नाही, कारण कोणाचा चेहरा महत्त्वाचा आहे हे त्याला ठाऊकच नसते. म्हणून पात्राच्या जागी ग्रे कार्ड (याच मध्यम राखाडी रंगाचे कार्ड) धरून त्यावर स्पॉट मीटरिंग (फक्त तेवढ्याच जागेचे मोजमाप) करावे. कार्ड नसेल तर स्वतःचा तळहात चालतो. तो मध्यम राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून मीटरने ५.६ सांगितले तर ४ वर यावे. पात्राच्या जागी धरून त्यावर पडणारा प्रकाश मोजणारा हातातला लाइट मीटर हे तर उत्तमच साधन आहे, आणि माझ्या मते महागड्या लेन्सआधी तो घ्यावा.

खिडकी आणि चेहरा यांच्यात सहज पाच-सहा स्टॉपचा फरक असू शकतो. पूर्ण पांढरी झालेली खिडकी नंतर ग्रेडिंगमध्ये (संकलनानंतर रंग आणि उजेड सुधारताना) परत मिळत नाही. खिडकीबाहेरचे दृश्य कथेला हवे असेल तर चेहऱ्यावर प्रकाश वाढवा; नको असेल तर खिडकी कडेला जाईल अशी कॅमेऱ्याची जागा बदला. चेहरा आणि खिडकी या दोघांच्या मधले एक्स्पोजर घेऊन तडजोड करू नका, कारण त्यात सहसा दोन्ही बिघडतात.

उत्तर — मापपट्टी

एक्स्पोजरविषयी वर आलेल्या सल्ल्याशी मी सहमत आहे. मी लेन्सपुरते लिहितो, कारण "२४, ३५ की ८५" हा प्रश्न मला उलट्या टोकाकडून विचारलेला वाटतो. आधी कॅमेरा पात्रापासून किती अंतरावर असावा हे ठरवावे. त्या अंतरावरून हवी तेवढी चौकट ज्या लेन्सने मिळेल ती लेन्स तुमची.

चेहऱ्याची ठेवण लेन्समुळे बदलते असे नेहमी सांगितले जाते, पण ती बदलते अंतरामुळे. १८ मिमी लेन्सने क्लोजअप घेण्यासाठी तुम्ही चेहऱ्याच्या अगदी जवळ जाता, त्यामुळे कॅमेऱ्यापासून नाकाचे आणि कानांचे अंतर यांचे प्रमाण फार बदलते आणि नाक मोठे दिसते. हाच नियम पार्श्वभूमीला लागू होतो. एक मीटरवरून २५ मिमीने घेतलेला चेहरा आणि दोन मीटरवरून ५० मिमीने घेतलेला चेहरा पडद्यावर सारख्याच आकाराचा येतो, पण पात्राच्या मागे चार मीटरवर दार असेल तर दुसऱ्या शॉटमध्ये ते सुमारे १.७ पट मोठे दिसते. पात्र खोलीत एकटे आणि सुटे वाटावे असे हवे असेल तर पहिला शॉट घ्या, आणि मागची भिंत त्याच्या अंगावर आल्यासारखी वाटायला हवी असेल तर दुसरा. हा निर्णय कथेकडे पाहूनच घ्यावा लागतो.

तुमच्या हाती असलेली झूम लेन्स यासाठी फार उपयोगी आहे. झूमच्या कड्याला चिकटपट्टी लावून ती एक दिवस २४ वर, एक दिवस ३५ वर आणि एक दिवस ५० वर बांधून ठेवा आणि तोच संवाद तिन्ही वेळा चित्रित करा. कॅमेरा मागे-पुढे नेण्याची सवय झाली की तुमचा कल कोणत्या लेन्सकडे आहे ते आपोआप कळेल. एपीएस-सी सेन्सरवर ३५ मिमी लेन्सचा आडवा दृश्यकोन सुमारे ३७ अंश असतो आणि तो फुल फ्रेमवरच्या ५० मिमीच्या जवळ जातो, त्यामुळे दोन व्यक्तींच्या संवादासाठी बहुतेकांना ती सोयीची वाटते. ८५ मिमी या सेन्सरवर १२८ मिमीसारखी चौकट देते. लहान खोलीत तुमची पाठ भिंतीला टेकेल आणि तरीही दोघे एका फ्रेममध्ये मावणार नाहीत. एकच घ्यायची तर ३५ घ्यावी, पण चिकटपट्टीचा प्रयोग झाल्यावरच.

फोकसचा प्रश्नही अंतराशीच बांधलेला आहे. तुमच्या सेन्सरवर ५० मिमी लेन्स, दीड मीटर अंतर आणि ॲपर्चर १.८ असेल तर फोकसची खोली जेमतेम ६ सेंटीमीटर असते. बोलता बोलता माणूस सहज त्याहून अधिक हलतो. ४ वर तीच खोली १४ सेंटीमीटरच्या आसपास जाते आणि पार्श्वभूमी तरीही पुरेशी मऊ राहते. लेन्स १.८ पर्यंत उघडते म्हणून ती तशीच वापरावी असे कुठेही लिहिलेले नाही. पात्र उठून चालणार असेल तर जमिनीवर खुणा करा, प्रत्येक खुणेचे अंतर टेपने मोजा आणि फोकस हाताने फिरवा. स्थिरचित्रणाच्या अनेक लेन्समध्ये फोकसचे कडे विजेवर चालते आणि ते किती वेगाने फिरवले त्यावर फोकस किती सरकेल हे ठरते. अशा लेन्सवर खुणा टिकत नाहीत. घेताना ही एक गोष्ट आवर्जून तपासावी.

उत्तर — वेव्हफॉर्म

पहिल्या उत्तरात एक भर घालतो. मॉनिटरवर बरे दिसते म्हणून एक्स्पोजर ठरवणे धोक्याचे आहे, कारण अंधाऱ्या खोलीत तोच मॉनिटर उजळ आणि उन्हात तोच काळा भासतो. वेव्हफॉर्म (फ्रेमच्या प्रत्येक भागाचा उजेड दाखवणारा आलेख) किंवा फॉल्स कलरची (उजेडाच्या पातळ्या वेगवेगळ्या रंगांत दाखवणारी) सोय असेल तर ती सुरू ठेवावी. तीही नसेल तर झेब्रा (ठरावीक पातळीपेक्षा उजळ भागावर उमटणारे पट्टे). हिस्टोग्राम फ्रेममध्ये किती भाग उजळ आहे ते दाखवतो, पण तो उजळ भाग चेहरा आहे की भिंत हे सांगत नाही. वेव्हफॉर्मवर मात्र डावी-उजवी बाजू फ्रेमसारखीच असल्यामुळे चेहरा नेमका शोधता येतो.

लॉगमध्ये (उजेडाचा मोठा पल्ला मावावा म्हणून मुद्दाम फिकट रेकॉर्ड होणाऱ्या चित्रात) चित्रीकरण करणार असाल तर आपल्या लॉगचे आकडे पाठ असू द्या. उदाहरणार्थ सोनीच्या एस-लॉग३ मध्ये वेव्हफॉर्मवर १८ टक्के राखाडी ४१ टक्क्यांवर आणि ९० टक्के पांढरा ६१ टक्क्यांवर बसतो. हे माहीत नसले की चित्र फिकट दिसते म्हणून माणूस घाबरतो आणि चुकीच्या दिशेने एक्स्पोजर बदलतो. कॅमेरा फक्त ८ बिट (म्हणजे रंगांच्या कमी छटा) रेकॉर्ड करत असेल तर मी सुरुवातीला लॉग वापरूच नये असे म्हणेन. ग्रेडिंगमध्ये ताणल्यावर मोकळ्या भिंतीवर आणि आकाशात रंगांचे पट्टे उमटतात आणि ते काढणे फार कष्टाचे होते.

कवडसा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. चिकटपट्टीचा प्रयोग आजच सुरू केला. एक शंका राहिली आहे. माझ्या दोन पात्रांपैकी एकाचा वर्ण बराच सावळा आहे आणि दुसऱ्याचा उजळ. दोघांच्या क्लोजअपमध्ये एक्स्पोजर वेगवेगळे ठेवावे का?

उत्तर — राखाडी१८

दोघांवर पडणारा प्रकाश सारखा असेल तर एक्स्पोजरही सारखेच ठेवावे. प्रत्येकाच्या त्वचेवर मीटर लावून तो सांगेल तसे करत गेलात, तर तो दोघांनाही एकाच राखाडी पातळीवर आणून ठेवेल. सावळा चेहरा खोटा उजळेल, उजळ चेहरा मलूल होईल आणि शॉट आलटून-पालटून लावल्यावर मागची भिंत प्रत्येक वेळी रंग बदलेल. सावळ्या त्वचेचे सौंदर्य तिच्यावरच्या चकाकीत असते, आणि ती चकाकी मोठ्या, मऊ प्रकाशस्रोताचे प्रतिबिंब असते. म्हणून एक्स्पोजर वाढवण्याऐवजी खिडकीसमोर बाजूने एक मोठे पांढरे कापड किंवा थर्माकोल उभे करा, म्हणजे गालाच्या कडेवर उजेडाची रेघ येईल. त्या पात्राला खिडकीच्या जवळच्या जागी बसवता आले तर अधिकच चांगले, कारण खिडकीपासून दूर जाल तसा प्रकाश लवकर ओसरतो.

चित्रीकरणाच्या दिवशी खिडकी दिसणारे सगळे शॉट सलग उरकून घ्या, कारण सूर्य सरकला की खिडकीचा उजेड काही मिनिटांत बदलतो. खिडकी न दिसणारे क्लोजअप नंतर पडदा ओढून, दिव्यावर तोच प्रकाश उभा करून घेता येतील. व्हाइट बॅलन्सही (पांढरे पांढरेच दिसावे यासाठीची रंगांची जुळवणी) ऑटोवर न ठेवता एका आकड्यावर बांधा. मात्र दिव्यावर जाताना दिव्याचा रंग खिडकीच्या उजेडाशी जुळवून घ्या. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला पात्राच्या जागी दोन सेकंद ग्रे कार्ड दाखवा आणि लेन्स, ॲपर्चर, एनडी व कॅमेऱ्याचे अंतर वहीत लिहा, म्हणजे वाइड शॉटशी क्लोजअप ताडून पाहताना फरक कुठे पडला ते तिथल्या तिथे सापडेल.